खंडाने दिलेला समुद्र

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात उत्तरेकडे एक भला मोठा पांढरा प्रदेश दिसतो. तो ग्रीनलंड. त्याचा आकार केवढा असे विचारले की मुले म्हणतात, आफ्रिकेएवढा. आणि नकाशापुरते ते खरेही आहे. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात, त्याचा हा परिणाम. वर्गात पृथ्वीगोल असेल तर दोरा लावून मोजून दाखवावे. ग्रीनलंडचे खरे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांश. आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. त्यातही ग्रीनलंडचा पाचातला चार भाग कायम बर्फाखाली असतो. माणसे राहतात ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, आणि ती सारी मिळून सुमारे ५७ हजार. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती. अख्खे ग्रीनलंड एकट्या हिंगोली शहरात आणून बसवले तरी घरे रिकामी राहतील.

अलीकडे या बेटाचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत आले ते अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ते घेण्याची भाषा केली म्हणून. पण ग्रीनलंडच्या इतिहासातली एक जुनी गोष्ट मला त्याहून अधिक विचार करायला लावणारी वाटते. १९८५ साली या मूठभर लोकांनी युरोपीय आर्थिक समुदाय सोडला. सदस्य देशाचा भाग असूनही मतदान करून या समुदायाबाहेर पडलेला हा पहिला प्रदेश. पुढे ब्रिटन बाहेर पडले ते थेट २०२० मध्ये. ग्रीनलंड बाहेर पडले आणि त्याच दिवसापासून ज्या समुदायाला त्यांनी नको म्हटले होते, तोच त्यांना दरवर्षी पैसे देऊ लागला.

हे कसे, याचे उत्तर माशांत आहे. आपल्याकडे शेत खंडाने देतात. जमीन मालकाची, कसणारा दुसरा, आणि ठरलेला खंड वर्षाला पोचवायचा. ग्रीनलंडने आपला समुद्र असा खंडाने दिला. पण शेत जागचे हलत नाही, मासा हलतो.

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा महत्त्वाचा मासा म्हणजे कॉड. हा थंड पाण्यातला मासा आहे, पण फार थंड पाणी त्यालाही सोसत नाही, आणि ग्रीनलंड त्याच्या सोसण्याच्या अगदी काठावर आहे. आइसलंडच्या बाजूने येणारा कोमट पाण्याचा प्रवाह ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने वर चढतो. ध्रुवाकडून पूर्व किनाऱ्याने खाली आलेले गार पाणीही त्याच वाटेने जाते. या दोन पाण्यांच्या ओढाताणीत एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडला तरी कॉड येतो किंवा जातो. १९२० च्या सुमारास तिथले पाणी किंचित उबदार झाले आणि कॉडचे थवे उत्तरेकडे सरकू लागले. सीलची शिकार करून जगणारे इनुइट लोक हळूहळू मच्छीमार झाले. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बदलला, तो समुद्राच्या तापमानातल्या थोड्याशा बदलाने.

१९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम ग्रीनलंडच्या पाण्यात वर्षाला चार लाख टनांहून अधिक कॉड पकडला जाई. त्यातला फार थोडा ग्रीनलंडच्या लोकांच्या जाळ्यात येई. बाकीचा युरोपातून आलेल्या मोठ्या ट्रॉलरांचा. त्या काळी किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की समुद्र सर्वांचा मानला जात होता. कोणी किती पकडायचे याचा निर्णय ज्याची बोट मोठी त्याचा.

ग्रीनलंडवर तेव्हा डेन्मार्कचे राज्य होते. १७२१ मध्ये हान्स एगेडे हा धर्मोपदेशक तिथे उतरला तेव्हापासून ती डॅनिश वसाहत होती, आणि १९५३ च्या राज्यघटनेने ती डेन्मार्कचा एक जिल्हा झाली. कोपनहेगनच्या नियोजनकारांनी ठरवले की विखुरलेल्या वस्त्या हलवून लोकांना मोजक्या शहरांत आणायचे आणि कॉडवर आधारलेला उद्योग उभा करायचा. पामिउत हे गाव तर कॉडचे शहर म्हणून वाढवायचे ठरले. चाळींसारख्या इमारती उठल्या, कारखाना आला, छोट्या वस्त्यांतली माणसे तिथे येऊन राहिली. आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी ध्रुवाकडचे गार पाणी खाली सरकले. कॉड गेला. इतक्या वर्षांच्या बेसुमार मासेमारीनेही तो गेला. थंडीचा वाटा किती आणि ट्रॉलरांचा किती, यावर जीवशास्त्रज्ञांचा वाद बराच काळ चालला. पामिउतच्या लोकांना मात्र वादाचा उपयोग नव्हता. शहर उभे होते, मासा नव्हता.

याच वेळी डेन्मार्कने युरोपीय समुदायात जायचे ठरवले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सार्वमत झाले. डेन्मार्कमध्ये सुमारे ६३ टक्के लोकांनी होकार दिला. ग्रीनलंडमध्ये सुमारे ७० टक्के लोकांनी नकार. पण ग्रीनलंड हा जिल्हाच असल्याने त्याच्या मतांची वेगळी गणती करण्याचे कारण नव्हते. १ जानेवारी १९७३ पासून तो डेन्मार्कमागोमाग समुदायात गेला. शेजारची फेरो बेटेही डेन्मार्कच्याच राजसत्तेखाली, पण त्यांना १९४८ पासून स्वशासन होते, म्हणून ती बाहेर राहू शकली. ग्रीनलंडच्या तरुण पुढाऱ्यांनी हा धडा नीट वाचला. आधी स्वशासन, मग बाकीचे. जानेवारी १९७९ मध्ये त्यासाठी सार्वमत झाले आणि १ मे १९७९ पासून ग्रीनलंडला स्वशासन मिळाले. (१ मे ही तारीख आपल्याही ओळखीची. महाराष्ट्र राज्य त्या दिवशीचे आणि १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही.)

दरम्यान समुद्राचा कायदाच बदलत होता. आइसलंडने ब्रिटनशी तीनदा ‘कॉड युद्ध’ करून आपली हद्द वाढवत १९७५ मध्ये २०० सागरी मैलांवर नेली. इतर देशांनीही तेच केले. भारताने १९७६ च्या कायद्याने २०० मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केले आणि सुमारे २० लाख चौरस किलोमीटर समुद्रावर आपला हक्क आला. ग्रीनलंडभोवतीचेही २०० मैल पाणी कोणाचे तरी झाले. पण ते ग्रीनलंडचे झाले नाही. समुदायाच्या सामायिक मासेमारी धोरणानुसार ते सर्व सदस्य देशांचे झाले. आइसलंडच्या पाण्यातून हाकलल्या गेलेल्या पश्चिम जर्मनीच्या ट्रॉलरांना तर ते हवेच होते. कोणी किती टन पकडायचे हे ब्रुसेल्समध्ये ठरू लागले. १९७९ मध्ये निवडलेल्या युरोपीय संसदेत ४१० सदस्य होते. त्यांत ग्रीनलंडचा एक, फिन लिंगे. तोही समुदायातून बाहेर पडावे या मताचा.

२३ फेब्रुवारी १९८२ रोजी ग्रीनलंडने पुन्हा मतदान केले. बाहेर पडावे असे म्हणणारे सुमारे ५३ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वीच्या सत्तर टक्क्यांशी ताडून पाहा. सत्तेचाळीस टक्के लोकांना राहावेसे वाटत होते आणि त्यांची कारणे हलकी नव्हती. समुदायाच्या निधीतून प्रशिक्षणाला, रस्त्यांना, विमानतळांना पैसा येत होता. इतक्या थोड्या लोकांनी एवढ्या मोठ्या बाजारपेठेबाहेर जाऊन मासे विकायचे कोणाला, हा अतासुत पक्षाचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या दोन वर्षांच्या वाटाघाटींत निघाले. १३ मार्च १९८४ रोजी ग्रीनलंड करारावर सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी १९८५ पासून तो अमलात आला. युरोपच्या ट्रॉलरांना ग्रीनलंडच्या पाण्यात ठरलेला हिस्सा पकडता येईल. त्याबद्दल समुदाय ग्रीनलंडला वर्षाला २ कोटी ६५ लाख एक्यू देईल. (एक्यू हे युरोच्या आधीचे युरोपीय हिशेबी चलन.) ग्रीनलंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५३ हजार, म्हणजे माणशी पाचशे एक्यू. आणि ग्रीनलंडचे मासे, विशेषतः कोळंबी, युरोपात जकातीशिवाय विकली जाईल. मात्र मासेमारीची मुभा समाधानकारक राहील तोवरच. या शेवटच्या अटीत मोठी खुबी आहे. पाणी आणि बाजारपेठ एकमेकांना बांधली गेली. ग्रीनलंड पाणी बंद करू शकते, युरोप बाजार बंद करू शकतो. दोघांनाही ते परवडणारे नाही.

असा हिस्सा देताना प्रश्न येतो तो शिलकीचा. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारात तत्त्व असे आहे की किनारी देशाने आपल्या पाण्यातून किती मासा काढता येईल हे ठरवावे, त्यातला स्वतःला किती पकडता येतो ते पाहावे, आणि उरलेला इतरांना द्यावा. ऐकायला सोपे, पण ‘उरलेला’ किती हे कोण सांगणार? आपल्याकडे हाच प्रश्न १९९१ मध्ये पेटला. केंद्र सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीत जहाजे आणण्याचे धोरण काढले. खोल पाण्यात मासा पडून आहे, आपल्या होड्या तिथवर जात नाहीत, हा त्यामागचा हिशेब. मच्छीमारांचे म्हणणे असे की मासा मैलांचे आकडे वाचत नाही. खोल पाण्यात जो पकडाल तोच उद्या उथळ पाण्यात यायचा होता. १९९४ मध्ये किनारी राज्यांतल्या मच्छीमारांनी देशव्यापी बंद पाळले. १९९५ मध्ये मुरारी समिती नेमली गेली, १९९६ मध्ये तिने हे परवाने रद्द करण्याची शिफारस केली, आणि १९९७ मध्ये सरकारने शिफारशी बहुतांशी स्वीकारल्या.

नागरिकशास्त्राच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी दोन याद्यांत विभागली आहे. नदी, तलाव आणि किनाऱ्यालगतचे बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याकडे, त्यापलीकडचे केंद्राकडे. वेसावे किंवा हर्णैचा कोळी सकाळी निघतो तो महाराष्ट्राच्या पाण्यात, आणि इंजिन चांगले असेल तर दुपारी केंद्राच्या पाण्यात असतो. १९९१ चे धोरण दिल्लीत ठरू शकले ते या बारा मैलांमुळे. ग्रीनलंडची तक्रार ब्रुसेल्सविषयी होती, पण तिचा घाट हाच होता.

पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या वाचकाला दरवर्षी रक्कम घेऊन हक्क देण्याची गोष्ट नवी वाटू नये. नदीच्या अलीकडे निजामाचे हिंगोली, पलीकडे वऱ्हाड. हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. या फौजेचा खर्च निजामाने द्यायचा होता, तो थकला. तेव्हा १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. नावाला ते निजामाचेच. पन्नास वर्षे हा तात्पुरता ताबा चालला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याला नवे रूप दिले. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे आणि निजामाला दरसाल २५ लाख रुपये. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, कापसाचे भाव चढले आणि पडले, रुपयाची किंमत घसरली. २५ लाख ते २५ लाखच राहिले. कायमचा पट्टा म्हटल्यावर पुन्हा बोलणी करायला बसण्याचा प्रसंगच येत नाही. १९३६ च्या करारात निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मुलूख मात्र गेलेलाच होता.

ग्रीनलंडच्या करारात ‘कायमचा’ हा शब्द नव्हता. रक्कम आणि हिस्सा ठरवणारा भाग दर काही वर्षांनी संपत असे आणि दोन्ही बाजू पुन्हा टेबलाशी येत. २००१ पासूनच्या टप्प्यात ही रक्कम वर्षाला ४ कोटी २८ लाख युरो झाली होती. निजामाला मिळाले नाही आणि ग्रीनलंडला मिळाले ते हे. माझ्या मते १९८२ च्या त्या निसटत्या बहुमताने मिळवलेली खरी वस्तू हीच. पैसे काय, सदस्य राहूनही आलेच असते.

पण या रकमेमागे मासा होता का? कॉड १९७० नंतर कमीच होता. १९८४ मध्ये आइसलंडजवळ कॉडची अंडी मोठ्या प्रमाणात फळली, पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत ग्रीनलंडच्या पाण्यात आली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे पुन्हा सुगी आली. मासे मोठे झाले आणि अंडी घालायला बरेचसे आइसलंडकडे परत गेले. १९९० नंतर दोन-तीन वर्षांत पश्चिम ग्रीनलंडचा कॉड जवळजवळ नाहीसा झाला. करारातला कॉडचा कोटा मात्र लिहिलेला होता तसाच. न पकडता येणाऱ्या माशांचे टन कागदावर, आणि त्यांचे पैसे युरोप देतो आहे. टीकाकारांनी अशा माशांना ‘कागदी मासे’ असे नावच दिले.

हे चित्र आपल्याला परके नाही. औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, त्याच्या वरच्या अंगाला येलदरी. अशा जलाशयांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत आहे. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची, वाढवायची, पकडायची. आता २०१५-१६ सारखे दुष्काळाचे वर्ष आले आणि पाणी तळाला गेले, तर ठेक्याच्या कागदावरचा मासा आणि जाळ्यातला मासा यांत किती अंतर पडेल याचा अंदाज मुलांनाही करता येईल. फरक एवढाच की इथे तोटा ठेका घेणाऱ्या भोई समाजातल्या माणसाचा, आणि ग्रीनलंडच्या बाबतीत घेणारा होता अर्धा खंड. त्याला ते सोसत होते आणि सोसण्यात त्याचा राजकीय फायदाही होता. उत्तर ध्रुवाकडच्या या विस्तीर्ण प्रदेशाशी नाते टिकत होते.

तरी हिशेबनिसांना ते किती दिवस चालणार? २००३ च्या मध्यावधी फेरआढाव्यात या रकमेचा एक भाग माशांची किंमत नसून मदत आहे हे मान्य झाले, आणि २००७ पासून दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. मासेमारीचा करार माशांच्या हिशेबाने. आणि त्याखेरीज वर्षाला सुमारे अडीच कोटी युरोची वेगळी भागीदारी. ही दुसरी रक्कम कशासाठी वापरायची, यावर ग्रीनलंडने निवडलेला विषय शिक्षकांना आवडावा. ती मुख्यतः शिक्षणासाठी वापरली जाते. दूरदूरच्या किनारी गावांतल्या शाळा, शिक्षकांचे प्रशिक्षण, व्यवसायशिक्षण. २००९ मध्ये ग्रीनलंडला अधिक व्यापक स्वराज्य मिळाले आणि ग्रीनलंडिक ही एकमेव राजभाषा झाली. त्या भाषेत शिकवणारे तयार करायचे तर पैसा लागतोच. २०२१ ते २०२७ या काळासाठी ही भागीदारी २२ कोटी ५० लाख युरोची ठरली. मासेमारीचा २०२१ चा करार वर्षाला सुमारे १ कोटी ६५ लाख युरोचा. म्हणजे जी गोष्ट माशांपासून सुरू झाली तीत मासा आता धाकटा भाऊ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोघांनी खनिजांविषयी एक करारपत्र केले, मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाने नूक या राजधानीत आपले कार्यालय उघडले, आणि त्यामागे केवळ कोळंबीची ओढ नाही हे उघड आहे.

ग्रीनलंडचे लोक मात्र आजही माशांवरच जगतात. त्यांच्या निर्यातीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा मासे आणि कोळंबीचा. सरकारी खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग अजून डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. आणि समुद्राचे पाणी पुन्हा बदलते आहे. २०११ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या पाण्यात अटलांटिक मॅकरेल हा मासा पहिल्यांदा व्यापारी जाळ्यात आला. हा आपल्या बांगड्याच्या नात्यातला. तीन वर्षांत, २०१४ मध्ये, तो सुमारे ७८ हजार टन पकडला गेला. त्याच वर्षी युरोपीय संघ, नॉर्वे आणि फेरो बेटांनी बसून या माशाची वाटणी केली. तीत ग्रीनलंडला जागा नव्हती, कारण त्यांच्या हिशेबाने हा मासा ग्रीनलंडचा नव्हताच. पुढे काही वर्षांत तो पुन्हा पूर्वेकडे सरकला आणि ग्रीनलंडच्या जाळ्यांत येईनासा झाला. वाटणीचा वाद अजून मिटलेला नाही.